इंजिनाच्या तोंडात अक्षता

आमच्या ह्यांनी एकच अट घातली होती. मोटारसायकल चालू झाली तर नांदेडला येईन. नाही झाली तर लातूरचं घर सोडणार नाही, तू खुशाल जा.

मुलगा नांदेडला असतो. आमचं सरकी-पेंडीचं दुकान मिटलं, ह्यांचे गुडघे गेले, माझ्या कंबरेचं तर बोलायलाच नको. मुलगा म्हणाला, आता दोघांनीच तिथं काय करून राहिलात, इकडं या. मी त्याच दिवशी ट्रंक खाली काढली. माझं माहेर नायगावचं, नांदेडच्या पलीकडं. जन्मभर लातुरात राहिले तरी नांदेडच्या एसटीची पाटी दिसली की माझे पाय शिवशिवतात. हे मात्र जागचे हलेनात. शेवटी मुलानं रविवारचा टेम्पो ठरवला आणि फोनवर सांगून टाकलं, "बाबा, आमच्या पार्किंगमध्ये एका गाडीला जागा हाय. पण चालत्या गाडीला. लोखंडाच्या गाठोड्याला न्हाई. चालू झाली तर आणू, न्हाईतर भंगारवाल्याला फोन लावतो."

तेव्हा ह्यांनी ती अट घातली. अट घालताना चेहरा इतका शांत होता, की माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

कारण गाडीची अवस्था अशी होती, की नुसता सांगाडा परसात ताडपत्रीखाली आणि इंजिन नांदेडला. ते इंजिन आमच्या जुन्या मिस्त्रीकडं होतं. ह्या मिस्त्रीचं गॅरेज पूर्वी आमच्या दुकानाच्या शेजारीच होतं. ह्यांचा दोस्त. म्हातारपणी तोही पोराकडं नांदेडला गेला आणि जाताना आमचं इंजिन दुरुस्तीला म्हणून घेऊन गेला. तिथं त्यानं ते केव्हाच उघडून, नवीन सामान घालून, बंद करून ठेवलं होतं. आणायचं तेवढं बाकी. हे दर महिन्याला "पुढच्या महिन्यात जातो" म्हणायचे. ह्या खेपेला मी म्हटलं, राहू द्या, मीच आणते.

गेले नांदेडला. मिस्त्री इतका कंटाळला होता की मला बघून त्याला ईद झाल्यासारखं झालं. म्हणाला, "भाभी, मैं भी चलता. फिट करके, चालू करके आता." इंजिन बारदानात बांधलं, दोघा हमालांनी एसटीत चढवलं आणि मागच्या बाकाखाली सरकवलं. कंडक्टरनं पोत्याला बूट लावून बघितलं.

"आज्जी, ह्यात काय हाय?"

"जावई हाय."

"काय?"

"लई जड हाय, तोंडातनं शब्द न्हाई, आन् तेलपाणी केल्याशिवाय जागचा हलत न्हाई. तूच सांग काय आसंल."

सगळी एसटी हसली. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं ते फाडलंच. मिस्त्री लोह्यापर्यंत हसत होता आणि अहमदपूरपर्यंत झोपला होता. मला मात्र झोप येईना. पायाशी ते पोतं. गाडी खड्ड्यात गेली की आतून खुळ्ळ आवाज यायचा आणि मी वाकून बघायची. त्याच रस्त्यानं मी एकदा मोटारसायकलवर आले होते, ह्याच इंजिनाच्या वर बसून, आणि त्या आठवणीनं मला अजून लाज वाटते. माझी नाही. त्या पोरीची.

काय ती पोरगी! नायगावची महाराणी. दहावी पास झाली म्हणून नाकाचा शेंडा वर. लग्नानंतर पहिल्या माहेरपणाहून न्यायला नवरा नवी कोरी मोटारसायकल घेऊन आला, तर हिनं आधी तोंड वाकडं केलं. म्हणे, "ह्याचा आवाज मळणीयंत्रासारखा येतोय." मग बसली, ती नवऱ्याला हात लावायचा नाही म्हणून मागच्या कॅरिअरला मागं हात करून धरून बसली. नायगाव ते मुरुड! मुरुड आमचं सासर, लातूरच्या अलीकडचं नव्हे, पलीकडचं. एवढ्या वाटेत दोन्ही खांदे निखळायचे राहिले. आणि मुरुडची वेस दिसली तशी म्हणाली, "थांबवा. मी इथं उतरते."

तेव्हा तशीच रीत होती. सून नवऱ्याच्या मागं बसून गावात शिरत नसे. वेशीबाहेर उतरायचं, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि चालत यायचं. नवरा पुढं गाडीवरून जाऊन, जसा काही एकटाच आल्यासारखा, ओट्यावर पाणी पीत बसायचा. सगळ्या गावाला माहीत असायचं. तरीपण. तर ही महाराणी ऐटीत उतरायला गेली आणि पोटरी सायलेन्सरला चिकटली. ओरडायची सोय नाही, वेशीत माणसं बसलेली. तशीच दातावर दात ठेवून घरापर्यंत चालत गेली. सासूबाईंनी लंगडताना बघितलं. "काय झालं गं?" म्हटल्यावर म्हणाली, "काही न्हाई आत्या, चुलीपाशी भाजलं."

सासूबाई म्हणाल्या, "आमची चूल बाई म्होरून जाळती. पोटरीला मागून भाजणारी चूल तुमच्या नायगावातच आसंल."

तो डाग अजून आहे. रुपयाएवढा. आणि ती उतरायची सवयही राहिली. लातूरला बिऱ्हाड केलं तरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी देवळाचा कट्टा आहे, तिथं बायका बसतात, म्हणून कट्ट्याच्या अलीकडं गाडी थांबायची, मी उतरायची, हे पुढं. मी आजी झाले तरी हेच. हे सांगितलं तर नातवंडं हसतात. हसू देत, मीही हसते.

तर इंजिन घरी आलं. ह्यांनी पोतं सोडलं, हात फिरवला, बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "आज राहू द्या. आज अमावस्या हाय."

"अमावस्या परवा झाली," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात बारदानं अंथरली. सांगाडा नव्या काळ्या रंगाचा, आरशासारखा. मिस्त्री म्हणाला, इंजिन बसवताना ह्याला ओरखडे पडतात, काही तरी गुंडाळा. मी माझी एक जुनी सुती साडी फाडून सांगाड्याच्या नळ्यांना पट्ट्या गुंडाळल्या. हात मोडल्यावर बांधतात तशा. ते काम बरं वाटलं, नाहीतर माझी सकाळपासून येरझारच चालली होती. स्वयंपाकघरात जायचं, परत यायचं. चहा दोनदा उतू गेला. रविवार जवळ येत होता आणि ही दोन म्हातारी माणसं कोणता बोल्ट कुठल्या बाजूनं घालायचा ह्यावर भांडत होती.

आता मुख्य गोष्ट. आमच्यात कुठलंही यंत्र, नांगर, वजनकाटा, काहीही असो, विभूती लावल्याशिवाय कामाला लावत नाहीत. मी ताट घेऊन आले. इंजिन एका जुन्या टायरवर उभं ठेवलं होतं. मिस्त्री टोपी सारखी करून बाजूला उभा राहिला, त्याचंही काही ओठातल्या ओठात चाललं होतं. मी विभूतीची तीन बोटं ओढायला गेले, तर त्या पत्र्याच्या पात्यांवर रेघ काही उमटेना, भुकटीच सगळी खाली. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. इंजिनाला पुढं एक भोक, मागं एक भोक, आणि दोन्हीत पांढऱ्या चिंध्या कोंबलेल्या.

मेलेल्या माणसाच्या नाकात कापूस घालतात ना, अगदी तसं दिसत होतं ते.

मला कसंतरीच झालं. मंगल कार्य आणि नाकात बोळे? मी काही न विचारता दोन्ही चिंध्या उपसून काढल्या, बाजूला टाकल्या, हळदकुंकू वाहिलं आणि चांगल्या सढळ हातानं अक्षता टाकल्या.

"अगं अगं अगं!" हे ओरडले. "तोंडात गेल्या की!"

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "भाभी! इंजिन है ये. शादी थोडी है इसकी!"

मग मला कळलं. त्या चिंध्या धूळ आत जाऊ नये म्हणून कोंबल्या होत्या. मागच्या भोकातून पेट्रोलची हवा आत जाते. तिथं आत एक झडप असते. झडप मिटलेली असली तर दाणा दारातच अडतो. उघडी असली तर सरळ पोटात. पोटात गेला आणि झडपेखाली सापडला तर झडप नीट मिटत नाही, आणि गाडी चालू होत नाही. हे सगळं मिस्त्रीनं मला नंतर समजावलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की मी माझ्याच हातानं माझं नांदेड त्या भोकात टाकलं.

तिघांनी मिळून इंजिन टायरवरच उलटं कलंडवलं. झटकलं. दाणे पडले. पिवळे, कुंकवाचे. परत झटकलं. एक पडला. मिस्त्रीनं सायकलचा पंप लावून हवा मारली, आणखी एक उडून माझ्या पदरावर आला.

"किती टाकल्या होत्या?" ह्यांनी विचारलं.

"अक्षता कुणी मोजून टाकतं का?"

"झडप उघडी होती का बंद?"

ते मिस्त्रीलाही सांगता येईना, कारण घाईत ह्यांनीच किकचा दांडा हातानं फिरवून टाकला होता. बॅटरी लावून बघितलं, आत काही दिसलं नाही. न दिसणं हे काही नसल्याचं लक्षण नव्हे, हे मला तांदूळ निवडून निवडून माहीत आहे. खडा शेवटी दाताखालीच सापडतो.

हे उठले, धोतराला हात पुसले. "मग इंजिनाचं हेड उघडावं लागंल. पुन्हा सगळं खोलावं लागंल. लई दिवस जातील."

मिस्त्री चिडला. "मैं नै खोलता. नवीन गास्केट टाकलंय, अप्पा. एक दाणा असंल तर जळून जाईल. पुलाव होगा उसका!"

"न्हाई न्हाई. धोका कशाला? टेम्पोला पुढची तारीख सांगू."

मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. घाबरलेल्या माणसाचं तोंड नव्हतं ते. ज्याला शाळेत जायचं नाही आणि बाहेर ढग दिसतात, अशा पोराचं तोंड होतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. ह्या माणसाला गाडी चालू करायचीच नव्हती! म्हणून तर इंजिन नांदेडला आणि सांगाडा लातूरला. म्हणून "पुढच्या महिन्यात". अट घालताना ह्यांना वाटलं होतं की हे जुळायचंच नाही. आणि मी, अडाणी, सढळ हातानं ह्यांना पाहिजे ते देऊन बसले होते.

मी ताट खाली ठेवलं. "उघडा हेड," मी म्हटलं. "पण एक सांगते. हेड उघडण्यात रविवार आला आन् गाडी चालू झाली न्हाई, तर ते माझ्या अक्षतांमुळं, गाडीमुळं न्हाई. मग तुमची अट मोडली. रविवारी गुमान टेम्पोत बसायचं. आन् न उघडता बसवली, तर तुमची अट जशीच्या तशी. चालू झाली न्हाई तर मी ट्रंक माळ्यावर टाकते, पुन्हा नांदेडचं नाव काढत न्हाई. बोला."

मिस्त्री म्हणाला, "अप्पा, भाभी वकील है."

ह्यांनी पाना हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मग म्हणाले, "बसवा."

बसवा म्हणणं सोपं. तिघांपैकी कुणाची कंबर ते इंजिन उचलून सांगाड्यात धरायच्या लायकीची नव्हती. मिस्त्रीचा हर्निया, ह्यांचे गुडघे, माझं सांगितलंच. मिस्त्री म्हणाला, "इंजिन नै उठता तो चासी को लाओ." म्हणजे इंजिन बारदानावर आडवं निजवायचं आणि हलका सांगाडा वरून त्याच्यावर उतरवायचा. आम्ही तसंच केलं. निजलेल्या लेकराला झबलं घालतात तसा सांगाडा आडवा धरून, हळूहळू, इकडून थोडा, तिकडून थोडा. "थांबा, थांबा, अडकलं." "माझ्या बाजूनं वर घ्या." "भाभी, साडी फसली." करता करता बसला. छिद्रासमोर छिद्र आलं.

ह्यांनी पहिला बोल्ट घातला आणि पाना लावून करकचून आवळला.

मिस्त्री ओरडला, "पहले सब ढीले! किती दिवस झाले शिकवून?"

अर्थातच शेवटचा लांब बोल्ट जाईना. केसभर फरक. मला हसू आलं. गोधडीला आधी सैल टाके घालतात, मग पक्की शिवण. पहिल्याच टाक्याला गाठ मारली की दुसऱ्या टोकाला चुणी पडणारच. हे माणूस कायम असंच. पेंडीचा भाव असो की नांदेड, आधी एक बोल्ट आवळून बसायचं.

पहिला सैल केला. पेचकस घालून मिस्त्रीनं इंजिन किंचित उचकटलं, हे हातोडीनं ठोकत होते, आणि बोल्ट सरसरत गेला. त्याच्या पलीकडच्या टोकाला नट लावायला मात्र दोघांचेही पंजे आत जाईनात. माझा जाईल म्हणाले. पण बांगड्या! मिस्त्री म्हणाला, काढा. मी म्हटलं, कुंकवाच्या धन्यासमोर बांगड्या काढू होय? हिरव्या बांगड्या वर कोपरापर्यंत सारल्या, त्यावर दुधाच्या पिशवीचं रबर लावलं आणि हात आत घातला. नट दोनदा बोटातून निसटून बारदानात पडला. तिसऱ्यांदा आटे पकडले. बोटाच्या टोकाला तो नट फिरायला लागला ना, तेव्हा सकाळपासूनची माझी सगळी धाकधूक त्या बोटात उतरली होती. फिरव, फिरव. आत कुठं तरी एखादा दाणा असेलच, असं मन म्हणत होतं. असू दे. फिरव.

बाकीचा दिवस आणि पुढचा दिवस चाकं, टाकी, वायरी, चेन, कार्बोरेटर ह्यात गेला. हे आता मन लावून करत होते, ते मला कळत होतं. माणूस खोटं लांबण लावू शकतो, पण हातात पाना असला की हात खोटं बोलत नाहीत. त्या पट्ट्या सोडताना ह्यांनी नळीवर ओरखडा आहे का म्हणून नखानं बघितलं. नव्हता. हे खूश. खूश झाल्याचं लक्षात आल्यावर पुन्हा गंभीर.

शनिवारी उन्हं उतरताना मिस्त्रीनं किक मारली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरीला गाडी नुसती शिंकली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ट्रंकेकडं. मिस्त्रीनं प्लग काढला, पुसला, फुंकला, घातला. चौथी, पाचवी, मग मी मोजणं सोडलं. माझे पाय जागच्या जागी चालत होते. मी आत गेले, गॅस बंद आहे ना बघितला, तो सकाळपासून बंदच होता. परत येते तो परसातून एकदम आवाज आला.

मळणीयंत्र! अगदी तेच!

पांढरा धूर झाला. आणि वास, भात करपल्यासारखा. मिस्त्री म्हणतो सायलेन्सरचा रंग जळाला. जळाला असेल. मला भातच वाटला.

हे आवाज ऐकत उभे राहिले. मान तिरपी, एक हात टाकीवर. तोंडावर आधी आनंद आला, मग काही तरी दुसरंच. अट पूर्ण झाली होती ना. भिंतीकडं बघितलं, परसातल्या नळाकडं बघितलं. मग म्हणाले, "बस. एक चक्कर मारून बघू."

मी बसले. ह्या खेपेला कॅरिअर धरलं नाही. खांदा धरला, दोन्ही हातांनी, आणि पोटरी सायलेन्सरपासून चार बोटं लांब. गल्लीतून निघालो, मोंढ्याच्या बाजारपेठेतून फिरलो, आमच्या बंद दुकानासमोरून जाताना ह्यांनी गाडी हळू केली पण थांबवली नाही. परत येताना देवळाच्या कट्ट्याच्या अलीकडं, सवयीनं, थांबवली.

"उतर."

कट्ट्यावर बायका बसल्या होत्या. सगळ्या बघत होत्या.

"न्हाई उतरत. घरापर्यंत न्या."

हे वळून बघायला लागले. "आणि नांदेडला काय करशील? तिथं बी गेटाच्या बाहेर उतरशील का?"

तिथं, म्हणाले. तिथं.

"तिथं लिफ्टपर्यंत न्यायचं," मी म्हटलं.

गाडी कट्ट्यासमोरून गेली. एकीनं तोंडाला पदर लावला, दुसरी म्हणाली, "काय गं बाई, नवी नवरी का!" मी हात केला. मी जिंकले होते.

घरी येऊन परसात गाडी लावली. मिस्त्री हात धूत होता. आणि मग मला काय झालं, कुणास ठाऊक. उद्या टेम्पो. ट्रंक दाराशी. मी कितीतरी दिवस जे मागत होते ते समोर येऊन उभं राहिलं आणि आता माझाच पाय निघेना. मी गाडीच्या भोवती एक फेरी मारली, दुसरी मारली.

"अहो," मी म्हटलं, "मला आत काही तरी टकटक ऐकू आलं वाटेत. मिस्त्रीला आणखी चार दिवस ठेवून घ्यायचं का? टेम्पो काय, पुढच्या आठवड्यात बी येईल."

ह्यांनी किल्ली काढली, माझ्याकडं नीट बघितलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मोकळे हसले.

"मग काय, हेड उघडायचं म्हणतीस का?"

मी आत गेले आणि भांडी बांधायला घेतली.